हिंगोलीची छावणी बंद झाली नसती तर?

(पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.)

हिंगोलीला आपलं सारखं जाणं होतं. कोर्ट, कलेक्टर ऑफिस, दवाखाना, हळदीचा बाजार. रिक्षावाल्याला सांगतो, रिसाल्यात सोड, पलटणला घे, तोफखान्याकडून चल. कुणाचे पाहुणे पेन्शनपुऱ्यात राहतात, कुणाचं दुकान सदर बाजारात. तोंडात बसलेली नावं आहेत, त्यांचा अर्थ कुणी विचारत नाही.

आता ही पाच नावं एका दमात म्हणून बघा. रिसाला म्हणजे घोडदळ. पलटण म्हणजे पायदळ. तोफखाना उघडच आहे. सदर बाजार छावणीचा. आणि पेन्शनपुरा म्हणजे नोकरी संपवून पेन्शनीवर बसलेल्या शिपायांची वस्ती. अख्ख्या फौजेचा नकाशा आजही आपल्या जिल्ह्याच्या गावात पडलेला आहे. फक्त फौज नाही.

ही फौज होती हैदराबाद कंटिंजंटची. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज आणि हुकूमही इंग्रजांचा. १८५३ च्या तहात या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतला. म्हणजे कापसाचा अख्खा मुलूख या पलटणींच्या पगाराला लावलेला. हिंगोली हे या फौजेचं एक ठाणं होतं, ते १९०३ साली बंद झालं.

ते का बंद झालं आणि झालं नसतं तर काय झालं असतं, यावर आज लिहायचं आहे. निमित्त सांगतो. पहाटे साडेचारला बाळापुरातून बाहेर पडा. नांदेड रोडला, वारंग्याच्या बाजूला, कुठंही बघा, पोरं पळायलेत. कुणाच्या पायात बूट, कुणाचे अनवाणी. सोळाशे मीटर. एकाला विचारलं, निवड झाली तर पुढं काय? म्हणाला, "सर, चार साल तर जातेत ना. पुढचं पुढं बघू." हे "पुढचं पुढं बघू" सव्वाशे वर्षांपूर्वी एका साम्राज्यानंही म्हटलं होतं. बिल कुणावर फाटलं ते बघू.

आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर कमेंटमध्ये मला इंग्रजांचा भाट ठरवाल. कंटिंजंट आपल्या भल्यासाठी नव्हती. १८१९ च्या जानेवारीत हदगावकडच्या नोव्हा किल्ल्यात नौसाजी नाईक आणि त्यांचे हटकर लढले, ते याच फौजेच्या पूर्वजांशी. किल्ला पडला, कत्तल झाली, आणि त्या लढाईचं नाव या पलटणींनी पुढं मानाचं म्हणून मिरवलं. शिवाय शिपाई सगळे आपल्याच भागातले होते असंही नाही. उत्तरेतून आलेले, ज्यांना आपल्याकडं परदेशी म्हणतात, ते बरेच. तेव्हा "आपली छावणी गेली" म्हणून रडायचं कारण नाही. मुद्दा वेगळा आहे.

५ नोव्हेंबर १९०२ ला कर्झननं निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचं भाड्यानं घेतलं. त्याच महिन्यात किचनर हिंदुस्थानचा सरसेनापती होऊन आला. त्याचा हिशेब सरळ होता. शत्रू आहे रशिया, तो येणार वायव्येकडून. मग हिंगोलीसारख्या आतल्या गावात फौज कशाला? कंटिंजंट मोडून ती मुख्य हिंदी सैन्यात मिसळली. तोफखाने बरखास्त. एक रिसाला मोडून बाकीच्यांत वाटला. पायदळाच्या सहा पलटणींना ९४ ते ९९ असे नंबर मिळाले. त्यातल्या काहींच्या नावात वऱ्हाड आणि दख्खन शिल्लक राहिलं. नाळ मात्र तुटली. फौज कुठंही जाईल, भरती कुठूनही होईल.

किचनरचं अगदीच चूक होतं असं मी म्हणत नाही. देशभर विखुरलेली छोटी छोटी ठाणी मोठ्या युद्धात कामाची नसतात, हे खरंच. पण ठाण्याबरोबर त्यानं दुसरीही एक गोष्ट मोडली, जी नकाशावर दिसत नाही. निवृत्त शिपाई, त्याचं पोरगं, त्याची पेन्शन, त्याची ओळख असलेला अधिकारी, हे सगळं एका गावात असणं. पेन्शनपुरा म्हणजे तेच.

याच्या दहा-बारा वर्षं आधी आणखी एक दार लागलं होतं. रॉबर्ट्स सरसेनापती असताना "लढाऊ जाती"चं खूळ जोरात होतं. उत्तरेकडचा उंच, गोरा तो लढवय्या आणि दक्षिणेकडचा कुचकामी, असं ठरलं. मद्रास आणि मुंबईच्या जुन्या पलटणींना कात्री लागली. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरतीच बंद झाली. ज्या समाजानं कंपनीच्या काळापासून मुंबईच्या फौजेत पिढ्या घातल्या, त्याला एका हुकमानं घरी बसवलं. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे १९१० मध्ये पुन्हा अर्ज घेऊन उभे राहिले. दार उघडलं नाही. ज्या घरांत बाप सुभेदार होता, तिथं पोराला फौजेचा रस्ता बंद. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदारही त्याच पिढीचे.

आणि गंमत बघा. हाच रॉबर्ट्स निवृत्त होऊन इंग्लंडात गेला आणि १९०५ पासून गावोगाव भाषणं करत फिरला, की आपल्याकडं राखीव सैन्य नाही, प्रत्येक तरुणाला सक्तीनं लष्करी शिक्षण द्या, नाहीतर जर्मनी आपल्याला खाईल. इंग्लंडनं त्याचं ऐकलं नाही. हाल्डेन नावाच्या युद्धमंत्र्यानं १९०८ मध्ये सुट्टीच्या दिवशी कवायत करणाऱ्या हौशी शिपायांची टेरिटोरियल फोर्स उभी केली. पण त्यांच्यावर परदेशात लढायला जायचं बंधन नव्हतं.

१९१४ उजाडलं. जर्मनी आणि फ्रान्स दोघांकडं सक्तीची भरती, घरी गेलेल्या शिपायांच्या याद्या तयार. आठवड्या-दोन आठवड्यांत लाखो माणसं गणवेशात. इंग्लंडनं पहिल्या झटक्यात फ्रान्सला धाडली ती लाखभर माणसं. चांगली होती, कसलेली होती, पण नोव्हेंबर संपेस्तोवर त्यांतली मारलेली, जखमी आणि बेपत्ता धरून नव्वद हजारांच्या आसपास गेली. मागून पाठवायला कोण? युद्धमंत्री झालेला किचनर. तोच, आपल्या हिंगोलीची छावणी मोडणारा. आता त्याचं बोट रोखलेलं चित्र भिंतीभिंतीवर लागलं, देशाला तुमची गरज आहे म्हणून. कालपर्यंत गरज नव्हती.

इंग्लंडातले इतिहासवेडे आजही हा खेळ खेळतात. रॉबर्ट्सचं ऐकलं असतं, दहा लाखांची तयार राखीव फौज असती, तर जर्मनीनं बेल्जियममध्ये पाय टाकताना विचार केला असता का? युद्ध लवकर संपलं असतं का? खेळू द्या. आपल्याला आपला प्रश्न आहे. त्यांच्याकडं राखीव नव्हतं तेव्हा त्यांनी पहिला हात कुठं घातला? हिंदुस्थानात. सप्टेंबर १९१४ संपायच्या आत लाहोर डिव्हिजनची माणसं मार्सेल्सच्या बंदरात उतरलेली होती. उन्हाळी कपड्यांत, फ्रान्सच्या थंडीत. इंग्लंडच्या त्या हौशी टेरिटोरियल शिपायांना इकडं आणून हिंदुस्थानातल्या छावण्यांत बसवलं आणि इथली कसलेली फौज तिकडं नेली. म्हणजे त्यांच्यासाठी राखीव फौज म्हणजे आपणच. रॉबर्ट्स म्हातारा झालेला, या हिंदी शिपायांना भेटायला फ्रान्सला गेला आणि तिथंच न्यूमोनियानं १४ नोव्हेंबर १९१४ ला वारला.

पण हिंदी सैन्याचीही राखीव फळी होती कुठं? कागदावर सुमारे ३५ हजार माणसं. प्रत्यक्ष बोलावल्यावर कळलं की बरेच म्हातारे, आजारी, बंदूक विसरलेले. शांततेच्या काळात त्यांच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. अधिकाऱ्यांच्या राखीव यादीत तर जेमतेम चाळीसेक नावं. त्यात पलटणी जातीवार बांधलेल्या. मराठ्यांच्या कंपनीत मराठाच हवा, शिखांच्या कंपनीत शीखच. शिपाई पडला की त्याच जातीचा, तेवढाच शिकलेला माणूस मागून आणायचा कुठून? मग एका पलटणीचे तुकडे तोडून दुसरीला ठिगळं लावली. शिपायांची भाषा जाणणारे इंग्रज अधिकारी पहिल्या काही महिन्यांतच मेले, आणि नव्यांना हुकूम देता येईना. १९१५ संपेपर्यंत हिंदी पायदळ फ्रान्समधून काढून घ्यावं लागलं.

कंटिंजंटच्या जुन्या पलटणींचं काय झालं? ९८ नंबरची पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगा नावाच्या बंदरावर उतरवली. चांगली फौज फ्रान्सला गेलेली, उरलीसुरली इकडं. समुद्रात हालहाल झालेली माणसं जंगलात घातली. वरून गोळ्या आणि वर मधमाश्यांचं मोहोळ उठलं. पूर्ण धूळधाण. २० नंबरचा डेक्कन हॉर्स रिसाला १४ जुलै १९१६ ला सोमच्या रणांगणात, हाय वूडजवळ, भाले घेऊन मशीनगनवर चालून गेला. नावात दख्खन, मरणाचं गाव फ्रान्समध्ये.

आणि कूत. हे नाव आपल्या पोरांना माहीत असायला पाहिजे. आजच्या इराकमध्ये, तैग्रीस नदीच्या वळणावर. पुण्याची सहावी डिव्हिजन तिथं अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा. घोडे, खेचरं मारून खाल्ली. शेवटी तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली. त्यांना सोडवायला गेलेल्या फौजेची हानी २३ हजारांच्या घरात, म्हणजे आत अडकलेल्यांपेक्षाही जास्त. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यांत हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले.

आता "जर-तर" करू. समजा १९०३ ला किचनरनं छावणी मोडली, पण पेन्शनपुरा ठेवला असता. हिंगोलीत फौज नाही, पण दरवर्षी महिनाभर घरी गेलेले शिपाई जमतात. थोडा भत्ता मिळतो, नवी बंदूक हातात येते, डॉक्टर तपासतो, नावं यादीवर राहतात. असंच मोमिनाबादला, औरंगाबादला, साताऱ्याला, रत्नागिरीला. महारांची भरती चालू. दख्खनच्या पलटणींना कात्री नाही. मग १९१४ ला तीन-चार पट माणसं तयार असती.

कूत वाचलं असतं? मला नाही वाटत. कूत पडलं ते बगदाद जिंकायच्या हावेपायी. नदीतून माल न्यायला बोटी नाहीत, जखमींना डॉक्टर नाहीत, औषध नाही, तरी पुढं चला. १९१७ च्या चौकशी आयोगानंच तसं म्हटलं आणि भारतमंत्री चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. जादा माणसं असती तर बेअकली सेनापतीनं जादा माणसं मारली असती, असंही म्हणता येतं. इथं "जर-तर"वाल्यांशी माझं जमत नाही. ते फक्त आकडे वाढवून बघतात.

फरक पडला असता तो दुसरीकडं. युद्धाआधी हिंदी सैन्यात वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास भरती व्हायची. युद्धात ती लाखांवर गेली. एकूण सुमारे १३ लाख हिंदी माणसं या युद्धाच्या कामाला लागली, ७४ हजार परत आली नाहीत. अशी भरती शांतपणे होत नाही. पंजाबात जिल्ह्याला कोटा, तहसीलदाराला कोटा, गावाला कोटा. माणूस देत नाही त्याचं पाणी तोडा, खटला भरा. जालियनवाला बागेच्या आधीचा पंजाब असा पिळलेला होता. राखीव फळी असती तर नांगर सोडून आलेल्या पोराला काही महिन्यांत खंदकात उभं करायची वेळ थोडी तरी कमी आली असती. ज्यानं आयुष्यात समुद्र पाहिला नाही त्याला बोटीत घालण्याआधी निदान बंदूक तरी नीट शिकवली असती.

आणि बंद दाराचं काय झालं? १९१७ ला माणसं पुरेनात तेव्हा आठवण झाली. १११ नंबरची महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ ला बरखास्त. पुन्हा घरी. दुसरं महायुद्ध आलं, पुन्हा आठवण, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट. ती आजही आहे आणि मानानं आहे. पण मधली वीस वर्षं त्या घरांनी काय करायचं होतं? गरज लागली की या, गरज संपली की जा.

कंटिंजंटचा धागाही पुरता तुटला नाही. त्या पलटणींची १९२२ नंतर हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट. ज्या ९८ नंबरच्या पलटणीची टांग्याला दैना झाली तीच पुढं चौथी कुमाऊं. ३ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगरजवळ बडगामला तिच्या मेजर सोमनाथ शर्मांनी देशाचं पहिलं परमवीर चक्र मिळवलं. हुशार माणसांनी चुकीच्या जागी टाकलेली तीच पलटण, योग्य जागी आणि योग्य कारणासाठी काय करू शकते ते बघा.

आता पळणाऱ्या पोरांकडं येतो. १४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढं कायम, बाकीच्यांना ११.७१ लाख रुपयांच्या आसपास सेवानिधी. पेन्शन नाही. त्याआधी कोविडमुळं दोन वर्षं भरती बंद होती, कित्येक पोरांचं वय त्यात निघून गेलं. योजनेच्या बाजूनं बोलण्यासारखंही आहे. फौज तरुण राहते, पेन्शनीचा बोजा कमी होऊन तो पैसा शस्त्रांना जातो. हे मुद्दे खोटे नाहीत. निमलष्करी दलांत राखीव जागा दिल्या, तेही चांगलं.

माझा प्रश्न त्या ७५ टक्क्यांच्या यादीचा आहे. पहिली तुकडी २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला आत गेली. शिकलेला, सीमेवर उभा राहिलेला, पंचविशीच्या आतला पोरगा गावी येणार. योजना जाहीर झाली तेव्हा त्याला राखीव सैनिक म्हणून यादीवर ठेवायची, वर्षातून काही दिवस बोलवायची, भत्ता द्यायची तरतूद त्यात नव्हती. सिंगापूर, स्वित्झर्लंड, इस्रायल हे चिमुकले देश शिपाई घरी गेला तरी त्याला सोडत नाहीत. आपल्याकडंही टेरिटोरियल आर्मी १९४९ पासून आहे. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी तणाव वाढला तेव्हा ती बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले गेले. म्हणजे वेळ आली की राखीव आठवतंच. मग अग्निवीर घरी यायच्या आत त्याला या फळीशी का जोडू नये? त्याचा दवाखाना, त्याची ओळख, वर्षाचे तीस दिवस, थोडा भत्ता. खर्च येईल. १९०३ ला पण खर्चच वाचवला होता.

आपल्या हिंगोलीत आज राज्य राखीव पोलीस बलाचा बारा नंबरचा गट आहे. छावणीच्या गावाला पुन्हा "राखीव" शब्द मिळाला. राखीव म्हटलं की आपल्याला फक्त जागा आठवतात. खरा अर्थ आहे राखून ठेवलेलं. बियाण्याची ज्वारी कशी कणगीत वेगळी ठेवतो, दुष्काळातसुद्धा तिला हात लावत नाही, पण अधूनमधून उन्हात घालतो, कीड लागली का बघतो. कोपऱ्यात विसरून गेलेल्या पोत्याला कुणी बियाणं म्हणत नाही.

दिल्लीचं दिल्ली बघेल. बाळापूर आणि आजूबाजूच्या गावांनी दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं.

एक. पुढच्या ग्रामसभेत गावातल्या आजी-माजी सैनिकांची आणि अग्निवीरांची यादी करा. नाव, पलटण, कधी गेला, कधी येणार. पूर, आग, जत्रेतली गर्दी, पहिला फोन यांना जाऊ द्या. आल्यावर सत्कार करून नारळ देण्यापेक्षा हे बरं.

दोन. साताऱ्याकडं, कोकणात गावोगाव दगड आहेत, या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, इतके मेले. अपशिंग्याच्या दगडावर ४६ जण आहेत. आपल्या भागात, निजामाच्या हद्दीत, असा दगड माझ्या पाहण्यात नाही. पण माणसं गेली नसतील असं कसं म्हणायचं? कुणाच्या घरी जुना पितळी बिल्ला, मेडल, डिस्चार्जचा कागद, पणजोबाची "बसऱ्याला होते" एवढीच ऐकीव गोष्ट असेल, तर कमेंटमध्ये लिहा. हिंगोलीच्या पेन्शनपुऱ्यात ज्यांची जुनी घरं आहेत त्यांनी तर नक्की लिहा. कागद असेल तर फोटो काढून ठेवा, लॅमिनेशन करू नका, शाई उडते.

आणि पहाटे गाडी काढली तर नांदेड रोडला अप्पर मारू नका. पोरं डांबरावरच पळायलेत, त्यांना दुसरं मैदान नाही.